माझ्याच हातची रेघ

पहिल्यांदा आजाराचं नाव लिहिते, कारण आमच्या घरात ते कुणी कधी उच्चारलं नाही. क्षय. झालं लिहून. आढं खाली आलं नाही की चूल विझली नाही. दोन अक्षरांचा शब्द, पण तो तोंडाबाहेर पडायला आम्हाला चार वर्षं लागली, आणि शेवटी तो बाहेर काढला एका परक्या बाईनं, सांगलीच्या भर बाजारात.

हे मी आजारी माणसांसाठी लिहीत नाही. आजारी माणसाला सांगायला सगळी दुनिया असते. अंडं खा, वाऱ्यात बसू नको, अमक्या बाबाचा अंगारा लाव. मी लिहिते ते बरं होऊन घरी आलेल्यांसाठी. बरं झाल्यावर काय करायचं ते कुणी सांगत नाही. मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझी शिक्षा मी भोगली, त्याचं काही नाही. माझ्या पोरीनं का भोगावी, ह्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

बाकडं

मी साताऱ्याची. वडील पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. त्यांनी मला सातवी पास होईपर्यंत शाळेत ठेवलं आणि मग शिराळ्यापासून दोन कोसांवरच्या गावात दिलं. सासरी भाताची आणि थोडी उसाची शेती. लढाई चालू होती. आमचे हे पलटणीबरोबर समुद्रापार गेले होते. कुठं, ते पत्रात लिहायची परवानगी नव्हती. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, थोरले दीर आणि जाऊ गोदाक्का. तिला दोन मुलगे. मला एकच, मंजुळा. तेव्हा अडीच वर्षांची होती.

खोकला सुगीपासून होता. सुगीत कोण खोकत नाही? मग एक दिवस जात्यावर बसले असताना उबळ आली, पदर तोंडाला लावला तर पदरावर रक्त. मी तेवढा पदर आत दुमडला आणि राहिलेलं दळण पुरं केलं. वाचणाऱ्या बायांनो, मला हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी तेच केलं असतं. तीन आठवडे मी पदर दुमडत राहिले. शेवटी गोदाक्कानं धुणं धुताना पाहिलं.

दिरांनी मला साताऱ्याला पोचवलं. तेव्हाच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, चढ आला की सगळ्यांनी उतरून गाडी ढकलायची. मी उतरले नाही. एक म्हातारा म्हणाला, "ह्या बाई कुठल्या म्हाराणी हायत म्हनायच्या?" दीर मागून खांदा लावून ढकलत राहिले.

डॉक्टरनं नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली, छातीचा फोटो काढायला लावला. दुसऱ्या दिवशी फोटो उजेडापुढं धरून तो वडलांशी बोलायला लागला. माझ्याशी नाही. वडील टाचा जुळवून, हात मांडीला लावून उभे, साहेबापुढं उभे राहायचे तसे. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मला कळलं ते कंपाउंडरमुळं. मी बाकड्यावरून उठले आणि त्यानं ते लगेच औषधाच्या फडक्यानं पुसून काढलं. माझ्या आधी दोन माणसं उठून गेली होती, तेव्हा नव्हतं पुसलं.

बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "मिरजंकडं मोठा दवाखाना हाय. तिथं जायचं. भ्यायचं न्हाई." आणि मान वळवून पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

गावात काय सांगायचं ते आत्याबाईंनी ठरवलं. पोटात गाठ झालीय. "झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या म्हणाल्या. "उद्या मंजीचं लगीन हाय, गोदीच्या पोरांची हायत. त्या दुखण्याचं घर म्हनलं तर दारात कोन उभारंल?" मंजी तेव्हा धड शेंबूड पुसत नव्हती. पण खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. गाठ सगळ्यांनाच बरी वाटली.

चौदा महिने

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली होती, एवढं सांगते. लांबलचक व्हरांडा, त्यात ओळीनं खाटा, एक बाजू उघडी. थंडीत पांघरुणावर दव पडायचं. पहाटे थर्मामीटर, मग दूध, मग अंडं. दुपारी दोन तास मुकाट पडायचं. बोलायचं नाही, वाचायचं नाही, कुशीवर वळायचं तेही हळू. रविवारी वजन. आणि आठवड्याला एकदा बरगडीत सुई घालून हवा भरायचे. त्यानं दुखरं फुफ्फुस दबतं आणि विसावा घेतं, असं सांगत. मला विसाव्यासारखं कधी वाटलं नाही.

प्रत्येकीच्या खाटेखाली झाकणाचं थुंकीचं भांडं. नर्सबाई रोज तेच पढवायच्या. भांड्यातच थुंका. खोकताना फडकं धरा. पोरांना जवळ घेऊ नका. ते बरोबरच होतं, त्यानं किती घरं वाचली असतील. पण मी शाळेत हुशार होते, एकदा शिकवलेलं विसरत नसे. हीच माझी खोड नडली.

शेजारच्या खाटेवर पद्माक्का. सांगलीजवळच्या जैन घरातली, घरचा हळदीचा व्यापार. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकी आणि तोंडानं तोफ. अंड्याला शिवायची नाही आणि दिवस मावळल्यावर काही तोंडात घालायची नाही. रात्रीचं दूध उजेडीच मिळावं म्हणून तिनं मोठ्या डॉक्टरला फेरीत अडवलं. "औषध तुमचं हाय, खरं तोंड माझं हाय की ओ," ती म्हणाली. तिच्याकडं 'पण' म्हणायचं तिथं 'खरं' म्हणतात. डॉक्टर हसला आणि दुसऱ्या दिवसापासून दूध लवकर यायला लागलं.

ती सगळं विचारायची. ही गोळी कशाची, सुई किती आत जाते, कागदावर काय खरडलंत. मला तिची लाज वाटायची. एकदा म्हणाले, "एवढं विचारू नये हो, लोक काय म्हणतील."

"लोक निजत्यात व्हय माझ्या खाटंवर?" ती म्हणाली.

व्हरांड्यात एक रिवाज होता. सकाळी एखादी गादी उन्हात टाकलेली दिसली की कोण गेलं ते विचारायचं नाही. आम्ही सगळ्या भिंतीकडं बघायचो. पद्माक्का तेवढी उठून बसायची, नाव विचारून घ्यायची आणि त्या बाईसाठी हात जोडायची. मला वाटायचं, काय ही दगडाच्या काळजाची. पुढं वाटायला लागलं, त्या व्हरांड्यात न भ्यालेली तीच एकटी होती. नंतर कळलं की तेही खरं नाही.

एका रविवारी दिरांनी आणि गोदाक्कानं मंजीला आणलं. व्हरांड्याच्या खाली, दहा हातांवर उभे राहिले. आठ महिन्यांत पोर मला विसरली होती. गोदाक्का म्हणाली, "ती बग आई, हात कर." मंजीनं गोदाक्काच्या मानेत तोंड खुपसलं. मी हात हलवत राहिले, बराच वेळ. ते गेल्यावर पद्माक्का दिवसभर माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तिच्यासारख्या बाईनं दिवसभर तोंड मिटून राहायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. माझ्या आधी दोन महिने ती घरी गेली.

चुना

मी घरी आले तेव्हा मंजी चार वर्षांची होत आली होती. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी सोप्याच्या एका कोपऱ्यात अंथरूण टाकलं. मंजी खांबाआडून बघत होती. बघता बघता ती दोन पावलं पुढं आली. आत्याबाईंचा पानाचा डबा तिथंच होता. मी बोटावर चुना घेतला आणि भिंतीपासून खांबापर्यंत जमिनीवर रेघ ओढली.

"हिच्या अलीकडं यायचं नाही," मी म्हणाले. "कधीच नाही."

सोपा दर सोमवारी शेणानं सारवायचा. सारवण आलं की रेघ जायची. पलीकडचं गोदाक्का सारवी, अलीकडचं मी. वाळलं की मी परत चुना घ्यायचा आणि ओढायची. जवळजवळ तीन वर्षं हे चाललं. एकही सोमवार असा गेला नाही की मी विसरले. आणि एकही असा गेला नाही की माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी ती ओढली. ही गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडत होती, पण बघेल कोण?

मी समजत होते की आत्याबाई गप्प आहेत, म्हणजे त्यांना रेघ हवी आहे. आमच्यात सून विचारत नाही आणि सासू सांगत नाही, आणि वर त्याला मर्यादा म्हणतात. चांगल्या घराण्याची खूण म्हणे.

मी जर्मन धातूचं ताट आणि तांब्या वेगळा मागून घेतला. राखेनं मीच घासायची, वेगळ्या दगडावर पालथं घालायची. विहिरीवर जाणं बंद. जात्यावर बसणं बंद, ओव्या म्हणणं बंद. मोठ्यानं हसणंही बंद केलं, हसलं तर फुफ्फुस फाटेल म्हणून. हे मला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं होतं? कुणीच नाही. माझी मीच डॉक्टर झाले होते. संध्याकाळी पालथा हात कपाळाला लावून बघायची. ताप नसायचा, तरी मला वाटायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो माझ्या अंथरुणातच राहायला आला होता.

सहा महिन्यांनी दिरांबरोबर तपासणीला गेले. थुंकी दिली, फोटो काढला, निकालासाठी दोन दिवस तिथंच धर्मशाळेत थांबलो. डॉक्टर बाहेरगावी गेलेले. कारकुनानं इंग्रजीत लिहिलेला कागद हातात दिला आणि म्हणाला, "कुणाकडून तरी वाचून घ्या."

कुणाकडून? गावात इंग्रजी येणारे एकटे मास्तर. त्यांना दाखवला तर गाठीचं पितळ उघडं पडणार. दीर म्हणाले, "ठिव पेटीत." मी लग्नातल्या शालूखाली ठेवला. साताऱ्याला वडलांकडं पाठवला असता तर त्यांनी दहा वकिलांकडून वाचून घेतला असता. खरं कारण आज लिहिते. मला वाटत होतं की त्यात वाईट लिहिलंय. चांगलं असतं तर तोंडानंच सांगितलं नसतं का, असं माझं गणित. म्हणून पुढं तपासणीलाही गेले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मी तर वळसाही घातला नाही, कळशावर बसून राहिले.

लढाई संपल्यावर हे महिन्याच्या रजेवर आले. रेघेपलीकडं पाट टाकून बसायचे, तिकडूनच बोलायचे, तेही शेताचं नाहीतर पलटणीचं. निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला वाटंल तवा पूस ती." मी मान हलवली. मनात म्हटलं, म्हणजे ह्यांना भीती आहे, स्वतःच्या तोंडानं सांगवत नाही. ह्यांनीही मनात काय म्हटलं असेल कुणास ठाऊक. सकाळी ट्रंक उचलून गेले.

नाग

आमच्या भागात नागपंचमीला जिवंत नाग पुजतात. आधीच रानातून धरून मडक्यात ठेवलेला असतो, मग घरोघर आणतात. अंगणात सोडला की फणा काढून डुलतो आणि बाया त्याच्यापुढं बसून हळदकुंकू वाहतात. कुणी भीत नाही. लहानपणापासून बघितलेलं असतं.

घरी आल्यानंतरची ती तिसरी नागपंचमी. मंजी साडेसहा वर्षांची. मी सोप्यात माझ्या कोपऱ्यात बसले होते, तिथून अंगणाचा अर्धाच तुकडा दिसतो. गोदाक्कानं मंजीला नवं परकर-पोलकं घातलं होतं. मंजी पुढं झाली, नागापासून हातभर अंतरावर बसली आणि लाह्या ठेवल्या. एवढं मला दिसलं, नाग दिसला नाही. 

पूजा झाल्यावर ती पळत सोप्यात आली, मला सांगायला. आणि खाली न बघता थांबली. पायाची बोटं बरोबर रेघेला.

"आई, नाग बगितलास?"

"व्हय."

"तिथनं दिसला तुला?"

"दिसला की," मी म्हणाले. ती हसली आणि "गोदाआई, आईला बी दिसला" म्हणत परत पळाली.

तेव्हा मी फार रडले. तोंडात पदर कोंबून रडले. आणि रडता रडता मला राग आला तो आत्याबाईंचा. विषारी जनावरापुढं पोर बसवतात ही माणसं आणि आईजवळ जाऊ देत नाहीत. एकदा तरी म्हणावं ह्यांनी, पूस बाई ती रेघ. पुढचे चार महिने मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

भडंगाचा पुडा

मार्गशीर्षात गोदाक्काच्या भावाचं लग्न ठरलं. बस्ता बांधायला सांगलीला जायचं होतं. गाडीत मी मागच्या टोकाला, मंजी पुढं दिरांपाशी. कापडाच्या दुकानात सगळे आत गादीवर बसले. मी बाहेर पायरीवर बसले. दुकानदार म्हणाला, "आत या की बाई," तर मी म्हणाले, "मला इथंच बरं."

थोड्या वेळानं समोरून एक बाई आली. हातात भडंगाचा पुडा, बोटाला चारेक वर्षांची नात. मी ओळखलं आणि मनात पहिलं आलं ते असं, ही अजून जिवंत कशी? पद्माक्का चांगली जाडजूड झाली होती. ती येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसली, अगदी खेटून. मी सरकले. ती परत जवळ सरकली. पुडा मांडीवर उघडला होता. एक घास ती खाई, एक नात.

"पद्माक्का," मी हळूच म्हणाले, "पोर तुमच्या पुड्यातलं खातीय."

"मग कुणाच्या पुड्यातलं खाऊ दे?"

"तसं नाही, पण आपल्याला..."

"काय आपल्याला? क्षय झाला हुता, बरा झाला. तुला न्हाई झाला व्हय बरा?"

भर बाजारात, एवढ्या मोठ्यानं. दुकानातला गुमास्ता वळून बघायला लागला. 

"हळू बोला हो," मी म्हणाले.

"का? मेलो न्हाई म्हणून लाज वाटती?"

मग मी तिला सगळं सांगितलं. रेघ, ताट, पेटीतला कागद. ती खायची थांबली.

"डॉक्टरला इचारलं न्हाईस?"

"नाही."

"अगं, मी घरला जाताना त्याच्या दारात उभारले. म्हणलं, नातीला मांडीवर कवा घिऊ, एका ताटात कवा जेवू, मुका कवा घिऊ, सगळं एक-एक सांग. मी बी भ्याले हुते, पाय कापत हुते माझे, खरं इचारलं. म्हणाला, सा म्हयन्यांनी ये. सा म्हयन्यांनी थुंकी साफ आली, तवा म्हणाला, जा, घे मांडीवर."

मी वर बघितलं तर आत्याबाई दुकानाच्या दारात उभ्या. किती वेळ ऐकत होत्या, देव जाणे. पद्माक्कानं त्यांनाही सोडलं नाही. "का वो, रेघ कशाला ओढून घेतली हिच्याकडनं?"

"मी?" आत्याबाई म्हणाल्या. "मी कवा म्हनलं रेघ ओढ म्हून? पैल्या दिशी आली, माजा पानाचा डबा उघडला आनि ओढली. मला वाटलं डाक्तरानं सांगितलंया."

"मग एकदा विचारायचं की," मी म्हणाले. सासूला उलट बोलायची ती माझी जन्मातली पहिली वेळ.

"तू शिकलेली. तुला आमी काय इचारायचं? आनि तू का न्हाई इचारलंस मला?"

 आत्याबाई पायरीवर बसल्या, पद्माक्काच्या पलीकडं. "दर सोमवारी तू चुना घ्याला लागलीस की मी मागल्या परड्यात जायची," त्या म्हणाल्या. "बगवत न्हवतं."

चार महिने मी ज्या बाईवर दातओठ खाल्ले, ती दर सोमवारी परड्यात जाऊन उभी राहत होती. आता राग काढायचा कुणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बस्ता आणि मंजी दिरांवर आणि गोदाक्कावर सोपवून आम्ही तिघी टांग्यानं मिरजेकडं गेलो. डॉक्टर नवा होता, तरणा. त्यानं जुनं बाड काढून माझं नाव शोधलं आणि म्हणाला, "तुमची थुंकी तेव्हाच साफ होती. मुलीला जवळ घ्यायला हरकत नाही, असं कागदात लिहून दिलंय. वाचला नाहीत?"

"पेटीत हाय," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानं बाड मिटलं. मग म्हणाला, पुन्हा तपासतो. दोन दिवस आम्ही पद्माक्काच्या घरी राहिलो. तिनं दिवस मावळायच्या आत पानं वाढली. मला घरच्याच पितळी ताटात. मी म्हणाले, केळीचं पान द्या. "आमच्यात ताटच असतंय," म्हणाली आणि माझ्यासमोर बसली. माझा पहिला घास हातातून सांडला. तिसऱ्या दिवशी निकाल मिळाला. साफ.

मंजी

घरी आले तो सोमवार नव्हता. तरी मी ओलं फडकं घेतलं आणि रेघ पुसली. तांब्याभर पाणीही लागलं नाही. कागद हातात आल्यावरही एवढ्याशा कामाला मी अडीच वर्षं लावली.

मंजीला हाक मारली. ती जिथं थांबायची सवय होती तिथंच थांबली. गोदाक्का मागून म्हणाली, "जा, आईकडं जा. आता चालतंय." गोदाक्काचा आवाज नीट नव्हता. तिनंही चार वर्षं पोर सांभाळली होती, तिला काय होत असेल ते मी तेव्हा बघितलं नाही. मंजी आली. मी तिला ओढून छातीशी धरली. किती जड झाली होती. शेवटची कडेवर घेतली तेव्हा अडीच वर्षांची होती. तिच्या केसांना खोबरेलाचा वास येत होता. मी तिच्या डोक्यावर तोंड ठेवून हमसून हमसून रडले, आत्याबाई पण रडायला लागल्या.

मग मला कळलं की पोर ताठ उभी आहे आणि तिची छाती हलत नाही.

मी तिला लांब धरली. ओठ घट्ट मिटलेले, तोंड लाल. माझे हात सुटले तशी ती चार पावलं मागं सरली आणि तिथं जाऊन तोंड उघडून श्वास घेतला.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"तूच सांगितलंस न्हवं," ती म्हणाली. "तुज्याजवळनं जाताना श्वास धरायचा."

सांगितलं होतं. घरी आले त्या पहिल्या आठवड्यात. बाहेरच्या दाराला जायची वाट माझ्या कोपऱ्यावरूनच होती, म्हणून तिला समोर उभी करून शिकवलं होतं. तोंड मिटायचं, नाक धरायचं, पाच म्हणेपर्यंत दारात पोचायचं. नीट जमलं की मी लांबूनच शाबास म्हणायची. चार वर्षांच्या पोराला शाबासकी केवढी मोठी असते. तेव्हापासून ती रोज पाच-सहा वेळा तशीच गेली आणि मला ते दिसलंही नाही, कारण ती जवळून जायची तेव्हा मी तोंड भिंतीकडं फिरवायची.

आता ती नऊ वर्षांची आहे. तुम्ही कुणी बरे होऊन घरी निघाला असाल तर माझ्यासारखं मुकाट निघू नका. पद्माक्कासारखं दारात उभे राहा आणि म्हणा, काय करायचं नाही ते चौदा महिने सांगितलंत, आता ते कधीपासून करायचं तेही सांगा. कागद दिला तर वाचून घ्या, वैऱ्याकडून वाचून घ्यावा लागला तरी चालेल. गावाला कळलं तर कळू दे. आमच्या गावाला कळलं. महिनाभर बोलले, मग दुसरं कुणीतरी सापडलं त्यांना.

मंजीला मी सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं, आत्याबाईंनी देवाची शपथ घालून सांगितलं, की आता श्वास धरायचा नाही. ती मान हलवते. मुद्दाम करत नाही ती, माझं अंग लागलं की तिचा तो आपोआप थांबतो. सकाळी शाळेला जायच्या आधी मी तिची वेणी घालते. गोदाक्कानं एक दिवस आपणहून फणी माझ्या हातात दिली, तेव्हापासून ते काम माझं. मंजी पाठमोरी बसते, माझे गुडघे तिच्या पाठीला लागतात आणि तिचे खांदे वर चढून तिथंच राहतात. मी रागवत नाही. मी विचारायला लागते. काल मास्तरांनी काय शिकवलं, कुणाशी भांडलीस, शेळीनं दूध किती दिलं. कधी कधी काल विचारलेलंच परत विचारते आणि ते तिच्या ध्यानातही येतं. पण उत्तर द्यायचं तर तिला श्वास घ्यावा लागतो.